मोजा म्हणजे एक

आमच्या शाळेची बैलगाडी सकाळी आठला हैदराबादेत गौलीगुड्याच्या कोपऱ्यावर यायची. चारी बाजूंनी पडदे, आत समोरासमोर दोन बाकं, आणि मागच्या पायरीपाशी उभी एक उंच, काळीभोर, आखूड कुरळ्या केसांची बाई. मुलींना घरून उचलायचं आणि परत घरी सोडायचं, हे तिचं काम. आम्ही सगळ्या तिला खाला म्हणायचो. एकेक मुलगी पायरी चढली की खाला तिच्या डोक्यावर बोट टेकवून काहीतरी पुटपुटायची. मी पहिल्या थांब्यावरची, म्हणून सगळ्यांत आधी माझं डोकं. ते बोट टेकलं की ती म्हणायची, "मोजा."

मला वाटायचं, ती मला मराठीत हुकूम सोडतेय. म्हणून मी इमानाने मागून चढणाऱ्या मुली मोजत बसायची. सहाव्या मुलीला खाला "सीता" म्हणायची. ती सहावी एका मुसलमान डॉक्टरांची मुलगी होती आणि माझं नाव सीता नाही म्हणून रोज रडवेली व्हायची.

हे मी घरी अण्णांना सांगितलं. माझे वडील सरकारी हायस्कुलात गणित शिकवायचे. वर्गात बीजगणित उर्दूत, पत्रव्यवहार मोडीत आणि रागावणं मराठीत, असा त्यांचा कारभार होता. ते आधी खूप हसले, मग एकदम गंभीर झाले.

"अगं, ती तुला मोजायला सांगत नसेल. तिच्या भाषेत एकाला मोजा म्हणत असतील. उद्या विचार."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं. खालाने कमरेवर हात ठेवले. "हौ. मोजा बोले तो एक, सीता बोले तो छे. तेरे बाप कू कैसा मालूम हुआ?"

अण्णांचा एक नाद होता. भेटेल त्या माणसाला ते त्याच्या भाषेतले आकडे विचारायचे. तेलुगू, कानडी, तमिळ तर झालंच. पण अफझलगंजात सुकामेवा विकायला येणारा पठाण, सिकंदराबादच्या छावणीतला गुरखा, अरब चाऊस, कुणालाही त्यांनी सोडलं नव्हतं. त्यासाठी एक जाड वही होती. त्या वहीची शेवटची वीसेक पानं त्यांनी मला दिली आणि मोडीही शिकवली. "ही तुझ्या खालाची पानं," म्हणाले. "घाई करायची नाही. एकच आकडा घे, पण नीट घे."

म्हणून मी एक घेतला.

खालाचा एक साधा नव्हता. एक माणूस म्हणायचं असलं तर ती म्हणायची, म्तू म्मोजा. एक चाकू, किसू किमोजा. एक घर, न्युम्बा मोजा. ज्याला मोजायचं त्याच्या तोंडाकडे बघून हा एक आपला सूर बदलायचा. अण्णांना याचं फार कौतुक वाटलं. तेलुगूतही वस्तूला ओकटी आणि पुरुषाला ओकडु म्हणतात, हे त्यांनी मला दाखवलं. मग म्हणाले, "आपला एक बघ. एक बाई, एक माणूस, एक झाड. मोजताना बदलत नाही. एकटा, एकटी, एकटं... एकटं पडल्यावर मात्र बदलतो."

शाळा संपली, मी कॉलेजात गेले, खालाही थकून घरी बसली. नामपल्ली स्टेशन ओलांडून मासाब टँकच्या बाजूला गेलं की निजामाच्या सिद्दी रिसाल्याची वस्ती लागायची. तिथे ती तिच्या भावाबरोबर राहायची. हा भाऊ सख्खा नव्हे. दोघं लहानपणी एकाच जहाजातून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणली गेली होती, तेव्हापासून तिने त्याला भाऊ मानलेला. तो रिसाल्यात घोडेस्वार होता, आता निवृत्त. आम्ही त्याला मामू म्हणायचो. फार कमी बोलायचा.

दर शुक्रवारी, कॉलेजला सुट्टी म्हणून, मी तिथे जाऊ लागले. वस्तीत जुनी माणसं होती आणि प्रत्येकाजवळ वेगळा एक होता. खालाच्या मागच्या ओळीतला एक आंधळा म्हातारा म्हणायचा, मोसा. पलीकडच्या घरातली बाई म्हणायची, मोद्झी. बहुतेकांना याहून जास्त काही येत नव्हतं. तरुण पोरं तर दखनी उर्दूच बोलायची. पण म्हाताऱ्यांना विचारलं की ते डोळे बारीक करायचे आणि आत कुठेतरी हात घालून तो एक शब्द काढून द्यायचे.

एकदा बोलता बोलता खाला म्हणाली, "मोजा तो मैं जंजिबार में सीखी. अरब के घर में. मेरी माँ मोजा नहीं बोलती थी."

"मग काय म्हणायची?"

तिला लगेच आठवलं नाही. दोन शुक्रवार गेले. तिसऱ्या शुक्रवारी मी दारात पोचले तशी ती ओरडलीच, "जूमो! मुंदू जूमो!" एक माणूस. आणि एक वस्तू, चिंदू चिमो. तिची आई किनाऱ्यावरची नव्हती, आतून कुठूनतरी धरून आणलेली होती. कुठून, ते खालाला माहीत नव्हतं. जंजिबारलाच दोघींची ताटातूट झाली. खाला तेव्हा सहा वर्षांची असेल किंवा सातची.

मी ते सगळं वहीत लिहून घेतलं. कुणाचा शब्द कोणता, हे विसरू नये म्हणून ओळ आणि घरही लिहिलं. तिसरी ओळ, पाचवं घर, एक माणूस, मोसा. दुसरी ओळ, शेवटचं घर, एक माणूस, मोद्झी. पुढे जे झालं ते या नीटनेटकेपणामुळे झालं.

ते अठ्ठेचाळीस साल होतं. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन वर्ष होत आलं होतं आणि आमचं हैदराबाद अजून अधांतरी होतं. निजामाच्या बाजूचे, खाकी कपड्यातले स्वयंसेवक बंदुका घेऊन रस्त्यावरून कवायत करत जायचे. जिल्ह्यांतून येणारे नातेवाईक ऐकवत नाही असं सांगायचे. आमच्या गल्लीतली निम्मी घरं कुलूप लावून सोलापूरला, नागपूरला निघून गेली होती. स्टेशनवर माणसं पेट्यांवर बसून दिवस काढायची. आई रोज अण्णांना म्हणायची, "अहो, आपणही निघू या." अण्णा रोज म्हणायचे, "परीक्षा होऊ देत." कुठली परीक्षा? वर्गात सात मुलं उरली होती.

जूनपासून मला वस्तीत जायची बंदी होती. "तिकडे फौज राहते," अण्णा म्हणाले. "तुझ्या मनात काही नसलं तरी बघणाऱ्याच्या डोळ्यात असतं." मी हो म्हटलं. आणि तरी तीन वेळा गेले, मैत्रिणीकडे जाते सांगून. मला खालाच्या आईच्या भाषेतलं 'एक घर' हवं होतं. ते तेवढं राहिलं होतं, आणि तिसऱ्या वेळी ते मिळालंही. न्युम्बा जिमो.

श्रावणातली एक दुपार. मी आतल्या खोलीत होते. दाराची कडी वाजली. आईने उघडलं तर पोलिसांचा अमीन, त्याच्याबरोबर दोन शिपाई आणि तिघे खाकीवाले. गल्लीतून कुणीतरी युनियनला, म्हणजे हिंदुस्थान सरकारला, बातम्या पोचवतं, अशी रपट होती म्हणे. घरोघर झडती चालली होती. अमीन सभ्य होता, त्याने चपला बाहेर काढल्या. खाकीवाल्यांनी काढल्या नाहीत.

पेट्या उघडल्या गेल्या, पुस्तकं जमिनीवर आली. कोनाड्यातून वही निघाली. अमीनाने दोन पानं उलटली आणि तो थांबला.

"ये कौनसी लिखावट है, मास्टर साहब?"

"मोडी है जनाब. मराठी की जुनी लिखावट."

"पढ़िए."

अण्णांनी आधीची पानं वाचली. एक, ओकटी, ओंदु, यव. अमीन ऐकत राहिला. मग एका खाकीवाल्याने त्याच्या हातातून वही घेतली आणि मागची पानं उघडून अण्णांच्या नाकासमोर धरली. "ये पढ़ो."

अण्णांनी पान पाहिलं. ते पान जूनमधलं होतं, हे वरच्या तारखेवरून त्यांना एका नजरेत कळलं असणार. मी दाराच्या फटीतून त्यांचा चेहरा पाहत होते. ते वाचू लागले. "तिसरी ओळ, पाचवं घर, एक माणूस..."

"कौनसी तिसरी ओळ?"

खाकीवाल्याने वही आणखी जवळ धरली.

"रिसाले की," अमीन हळूच म्हणाला. त्याला मराठी थोडी येत असावी. "रिसाले की वस्ती की तिसरी ओळ. और ये जूमो, चिमो, मोसा? किस का नाम है? कैसा इशारा है?"

मी दार ढकललं. माझ्या तोंडातून "ती..." एवढंच निघालं असेल. अण्णा माझ्याकडे वळले. आयुष्यात त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नव्हता, पण त्या नजरेने मी जागच्या जागी उभी राहिले.

"घरात जा," ते म्हणाले. मग अमीनाकडे पाहून, "मेरी कापी है. मेरीच लिखावट है."

अण्णांना नेलं तेव्हा त्यांनी टोपी घातली नव्हती. आई टोपी घेऊन दारापर्यंत धावली, पण ते कोपऱ्यावर वळले होते.

आईने दार लावलं, कडी घातली, आणि टोपी हातात धरून मला विचारलं, "कुणाची वही?"

"माझी."

"जूननंतर गेली होतीस?"

मी मान हलवली. वाटलं, मारेल, मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती चुलीपाशी जाऊन बसली. ज्यांची माणसं अशी नेली गेली होती, त्यांतली काही परत आली नव्हती, हे आम्हा दोघींना माहीत होतं. संध्याकाळी आई म्हणाली, "ते शब्द खरे आहेत, हे कोण सांगू शकेल?"

"खाला."

"मग उद्या तिच्याकडे जायचं. मीही येते."

आईने त्या वस्तीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. खाला आमच्याकडे आली तर आई तिला ओट्यावर चहा द्यायची आणि कप वेगळा ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा लावलेला टांगा करून आम्ही दोघी निघालो. नामपल्लीपाशी टांगा दोनदा अडवला गेला. दोन्ही वेळा आईने पडद्याआडून आपल्या मोडक्या उर्दूत सांगितलं, "जनाना है, बीमार कू देखने जाते." तिचा हात माझ्या मनगटावर होता. बोटं रुतली होती, पण आवाज हलला नाही.

वस्तीच्या तोंडाशी तरुण सिद्दी पोरं उभी होती. मला ती ओळखत होती, एरवी हसायची. आज कुणी हसलं नाही. मामू अंगणात बाजेवर बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नक्को. आपा नहीं जाती."

"मामू, अण्णांना ते..."

"सुन पोट्टी. तू घर-घर का नाम लिखी. मेरे घर में बैठके लिखी. कल मेरेकू पूछेंगे, तुम निजाम का नमक खाके उस पोट्टी कू घर कैकू दिखाए? मैं क्या बोलूं? गिनती सीख रही थी बोलूं?"

त्याचं चुकत नव्हतं. आई मात्र सरळ खालाकडे गेली. खाला दारात उकिडवी बसली होती. आई तिच्या समोर मातीतच बसली आणि तिने खालाचे दोन्ही हात धरले. काही मागितलं नाही, रडलीही नाही. नुसते हात धरून बसली.

खालाने भावाकडे पाहिलं. "मैं सिखाई," ती म्हणाली. "मैं बोलके आती. तू घर में बैठ."

"आपा!"

"तेरा नाम नहीं लेती मैं."

तिने डोक्यावर चादर घेतली आणि आमच्याआधी टांग्यात जाऊन बसली.

चौकीत अमीनाने आधी आम्हाला आत घेतलंच नाही. औरतांनी घरी जावं, मास्तरांची चौकशी चालू आहे. आई व्हरांड्यात पाय दुमडून बसली. "हम नहीं जाते. हम इधरच बैठते." ऊन चढलं. आत कुणीतरी मोठ्याने ओरडत होतं. तो अण्णांचा आवाज नाही, हे आम्ही प्रत्येक वेळी नीट ऐकून ठरवत होतो. दुपार होता होता अमीन बाहेर आला आणि त्याने पहिल्यांदा खालाकडे नीट पाहिलं. कदाचित सिद्दी बाई हिंदूच्या बाजूने आलेली पाहून त्याला नवल वाटलं असेल.

"तुम कहती हो ये जबान है?"

"जबान है साहब."

"देखते हैं."

मोडी वाचता येणारा एक म्हातारा मुन्शी बोलावला गेला. तो मराठवाड्यातला होता. त्याच्या हातात वही दिली. खालाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मला आणि आईला दाराबाहेर थांबवलं, पण दार उघडं होतं. अमीन विचारणार, खाला सांगणार, मुन्शी वहीशी ताडून पाहणार. मुन्शीने पान लावलं आणि चष्मा पुसला.

"एक माणूस," मुन्शी म्हणाला.

"एक आदमी," अमीनाने खालाला विचारलं.

"म्तू म्मोजा."

मुन्शीने मान डोलावली.

"एक चाकू."

"किसू किमोजा."

"एक घर."

"न्युम्बा मोजा."

मुन्शी प्रत्येक वेळी मान डोलावत होता. खालाचा आवाज मोठा, स्वच्छ, गाडीच्या पायरीवरून यायचा तसा. मग मुन्शीने पान उलटलं. "इथे लिहिलंय, आईच्या भाषेत."

"माँ की जबान में," अमीन म्हणाला. "एक आदमी."

"मुंदू जूमो."

"एक चीज."

"चिंदू चिमो."

"एक घर."

खाला थांबली.

मी तिची पाठ पाहत होते. चादरीखाली तिचे खांदे वर गेले आणि तसेच राहिले. हा शब्द तिने मला जूनमध्ये, एकदाच सांगितला होता. तोही मोठ्या मुश्किलीने. माझ्या जिभेवर तो होता. मला ओरडून सांगावासा वाटत होता, आणि सांगितला असता तर सगळं संपलं असतं. आईने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"बोलो," अमीन म्हणाला.

"याद नहीं आता साहब."

खोलीतला खाकीवाला हसला. "सिखाया हुआ याद नहीं रहा."

"ठैरो," खाला म्हणाली. तिने त्या माणसाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. भिंतीवर तळवा टेकवला. "मेरी माँ कू छे-सात बरस की उमर में आखरी बार देखी मैं. ठैरो जरा." ती पुटपुटू लागली. मुंदू जूमो, चिंदू चिमो. पुन्हा तेच, पुन्हा तेच, जणू त्या दोन शब्दांच्या मागे तिसरा रांगेत उभा होता आणि त्याला पुढे येऊ द्यायचं होतं. किती वेळ गेला, सांगता येत नाही. अमीनाने पेन्सिल टेबलावर आपटली.

"न्युम्बा," खाला म्हणाली. "न्युम्बा जिमो."

मुन्शीने बोट पानावर ठेवलं. "बरोबर," तो मराठीतच म्हणाला, आणि मग घाईने, "सही है, साहब."

अमीन खुर्चीत मागे रेलला. "और घर कैकू लिखे?"

"बूढ़े लोगां जिधर रहते वो लिखे. जवान का एक घर नहीं उसमें. जाके देख लेव. पाँचवाँ घर का बुड्ढा अंधा है, वो क्या बंदूक चलाता?"

मास्तरांची वही आहे, असं मानून हे सगळं चाललं होतं. खालाने एकदाही 'ही मुलगी' म्हटलं नाही. टांग्यात तिला कुणी हे शिकवलं नव्हतं.

त्या दिवशी अण्णांना सोडलं नाही. अमीनाने माणूस पाठवून वस्तीतली घरं पाहून घेतली. चौथ्या दिवशी अण्णा घरी आले. उजव्या हाताची दोन बोटं सुजलेली होती. काय झालं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आईने हळद लावली तेव्हा एवढंच म्हणाले, "अमीन वाईट नव्हता. इतर होते." वही परत मिळाली नाही. रोज सकाळी चौकीत हजेरी द्यायची आणि शहर सोडायचं नाही, या अटीवर सुटका होती. सोलापूरचा विषय तिथेच मिटला.

मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी मला उठवलं. "जूनचं पान फार नीट लिहिलं होतंस," म्हणाले, आणि मग भिंतीकडे तोंड करून झोपले.

सप्टेंबरात फौज आली. पाच दिवस रेडिओ, विमानांचे आवाज, बंद दारं. आणि मग एका संध्याकाळी कळलं की संपलं, सिकंदराबादेत हिंदुस्थानच्या फौजेचं स्वागत चाललं आहे. आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. अण्णांनी एक पेढा घेतला आणि हातातच धरून ठेवला. त्या दिवसापासून चौकीत हजेरी नव्हती. ते तरी सकाळी ठरलेल्या वेळेला उठून टोपी घालायचे आणि दारापर्यंत जाऊन परत यायचे. असं महिनाभर चाललं.

आता भीतीने घरं बदलली होती. ज्यांनी कडी लावली होती त्यांनी दारं उघडली, आणि दुसऱ्यांनी लावून घेतली. बाहेरून वाईट बातम्या येत होत्या, या वेळी उलट्या बाजूच्या. अण्णा मला म्हणाले, "तिकडे जाऊन ये." मी उद्या जाते म्हटलं. मला लाज वाटत होती की भीती, हे आजही नीट सांगता येत नाही. तीन आठवडे मी गेले नाही.

गेले तेव्हा तबेल्यात घोडे नव्हते. रिसाला मोडणार, हे ठरून गेलं होतं. तरुण माणसं भर दुपारी ओट्यांवर बसून होती. मामूने मला पाहिलं. "आओ," तो म्हणाला. "अब तुम्हारा राज आ गया."

खालाने मला आत ओढलं, पाणी दिलं आणि विचारलं, "मास्टर साहब की उंगलियां?"

"बरी आहेत. एक वाकडी राहिली."

"मेरेकू वो शब्द जल्दी याद आता तो..." तिने वाक्य पुरं केलं नाही. बोटं त्याआधीच्याच रात्री सुजली असणार, असं मी तिला सांगितलं. तिला पटलं की नाही, कोण जाणे.

पुढच्या शुक्रवारपासून अण्णा माझ्याबरोबर येऊ लागले. निवृत्त सवारांची पेन्शन अडकली होती. नव्या कचेऱ्यांत अर्ज इंग्रजीत लागत होते आणि वस्तीत इंग्रजी येणारं कुणी नव्हतं. अण्णा वाकड्या बोटाने टाक धरून मामूच्या बाजेवर बसायचे आणि एकामागून एक अर्ज लिहायचे. असं दोन वर्षं चाललं. काहींना मिळालं, काहींना नाही. मामूला पुष्कळ उशिरा आणि थोडं मिळालं. पहिल्या दिवशी त्याने अण्णांना विचारलं होतं, "कैकू करते तुम?" अण्णा म्हणाले, "अर्जी लिखना आता है, बस." आईही कधीमधी यायची. तिथे चहा प्यायची.

माझं लग्न झालं, मी सिकंदराबादेत गेले, शाळेत शिकवू लागले. वही गेली होती, पण पानं मला पाठ होती. अफझलगंजच्या मोठ्या वाचनालयात मी अधूनमधून आफ्रिकेच्या भाषांबद्दल काही मिळतं का, ते पाहायची. बरीच वर्षं काही मिळालं नाही. मग एकदा, बहुधा पंचावन्नच्या सुमारास, धूळ खात पडलेलं एक जाड इंग्रजी पुस्तक हाती लागलं. त्यात एका मोठ्या भाषाकुळाबद्दल होतं. बांटू. शेकडो भाषा, अर्ध्या खंडावर पसरलेल्या. आणि मागे कोष्टक होतं, एकापासून दहापर्यंत.

मी उभ्या उभ्या पहिला रकाना वाचला. मोजा. मोद्झी. मोसी. मोको. एमू. उम्वे. सगळ्यांच्या तोंडात तोच म, जसं एकाच घरच्या माणसांचं नाक ओळखू यावं. अगदी दक्षिणेकडे मात्र न्ये, तो बिचारा वेगळाच. मी बोट खाली नेत राहिले. आणि मग ते दिसलं. मो, माणसाला जूमो, वस्तूला चिमो, घराला जिमो. समोर भाषेचं नाव होतं, याओ. पुढे लिहिलं होतं, न्यासा नावाच्या मोठ्या सरोवराच्या पूर्वेला राहणारे लोक.

टांगा करून मी तशीच वस्तीत गेले. खाला आता बाजेवरून फारशी उठत नसे. मी तिच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. तिने दोनदा सांगायला लावलं.

"तालाब?" ती म्हणाली. "हुसेन सागर इत्ता?"

"नाही खाला. कितीतरी मोठा. दुसरा काठ दिसत नाही म्हणे."

ती छताकडे बघत राहिली. "माँ पानी की बात करती थी," म्हणाली. "मैं समझी, समुंदर. समुंदर तो वो बाद में देखी होगी." मग बोटांनी चादर गोळा करत, "याओ," ती म्हणाली. "याओ. अच्छा नाम है."

त्याच वर्षी थंडीत ती गेली.

पण त्या दिवशीचं अजून थोडं सांगायचं आहे. मी निघाले तेव्हा मामू मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. त्याने असं पूर्वी कधी केलं नव्हतं. टांगा येईपर्यंत आम्ही दोघं उभे राहिलो. तो काठीने मातीत रेघा ओढत होता.

"आपा का तो मिल गया," तो म्हणाला.

"हो मामू."

"मेरा?"

मला समजायला क्षणभर लागला. मग मी विचारलं, "तुम्हाला काही आठवतं? एक, दोन, काहीही? आई कशी हाक मारायची?"

तो चार वर्षांचा होता, जहाजात चढवला तेव्हा. त्याने पुष्कळ वेळ विचार केला. टांगा येऊन थांबला. टांगेवाला खाकरला.

"अगले जुम्मे तक याद करके देखता," मामू म्हणाला.

मी पुढच्या शुक्रवारी गेले, त्याच्या पुढच्याही. नवी वही घेऊन जायची आणि त्याच्या समोर बसायची. तो डोळे मिटून बसायचा. मी घाई करत नसे. मग तो मान हलवायचा आणि आम्ही चहा घ्यायचो.